शिडी कुठे बांधायची?

चाळीसगावात माणूस काय करतो हे कोणी विचारत नाही; तो कशावर येतो ते बघतात. एम-८० ला दोन्ही बाजूंनी कॅन लटकत असतील तर दूधवाला. बुलेटवर असेल तर एक तर फौजदार, नाहीतर फौजदाराला ओळखणारा. पांढऱ्या स्कॉर्पिओतून हात जोडत उतरला की समजायचं, निवडणूक आली. नंबरप्लेटवर ४१४१ हा आकडा वळवून-वळवून 'दादा' केला असेल, तर मुकाट्याने रस्ता द्यावा. परदेशी जाऊन आलेला माणूस म्हणून गावाला ठाऊक ते केकी मूस. इंग्लंडात कला शिकून आले आणि स्टेशनजवळच्या घरात त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं, ते १९८९ साली जाईपर्यंत. फोटोग्राफीत मोठं नाव झालं, पण कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न त्यांना पडला नाही. माझ्या पुतण्याला पडला.

पुतण्या मेलबर्नला असतो. इलेक्ट्रिशियन आहे. म्हणजे आपल्या भाषेत वायरमन, पण लग्नाच्या बायोडाटात आप्पांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, 'ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रिकल लाइनमध्ये' असं लिहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. आयटीआय झालेला पोरगा. इथल्या अनुभवाचे दाखले तपासून घेऊन, तिथल्या परीक्षा पुन्हा देऊन त्याने व्हिक्टोरिया राज्याचं 'ए ग्रेड' लायसन काढलं. ते मिळवायला जेवढा घाम गाळावा लागतो, तेवढ्यात इकडे दोन इंजिनिअर होतात.

आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे गेलो. विमानप्रवासाचं वर्णन करत नाही. ते आजवर सगळ्यांनी केलंय आणि खिडकीतून सगळ्यांना ढगच दिसलेत. फक्त बिबड्यांचं, म्हणजे आमच्या खानदेशी पापडांचं सांगतो. खाण्याचा जिन्नस फॉर्मवर लिहावाच लागतो, नाहीतर जबर दंड, असं पुतण्याने दहादा बजावलं होतं. म्हणून हिने पिशवी अधिकाऱ्यापुढे धरली. त्या बाईने एक बिबडा उचलून दिव्यासमोर धरला, वास घेतला, बोटाने टकटक केलं आणि "हे खातात?" असं विचारलं. ही म्हणाली, "तळून." बाईने जाऊ दिलं.

बाहेर पुतण्या पाया पडला आणि आम्हाला चालवत राहिला. पार्किंगच्या छताची उंची कमी, आणि त्याच्या गाडीच्या टपावर दोन शिड्या. म्हणून गाडी पार तिकडे उघड्यावर लावलेली. गाडी म्हणजे पांढरी टोयोटा हायएस, मालाची. पुढे तीन सीट, मागे केबलची रिळं, पाइप, ड्रिलच्या पेट्या, आणि आता त्यांच्यामध्ये आमच्या बॅगा. ही मधल्या सीटवर बसली, गुडघे गिअरपासून चोरत. पश्चिमेकडच्या टार्नीटला त्याच्या घरी पोचेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "गाडी चांगलीय रे. आपण कामालाच आल्यासारखं वाटतं."

पुतण्याचं तोंड उतरलं. "काकू, ही काढायचीय. यूट घ्यायचीय."

यूट म्हणजे आपली पिकअप. पुढे मोटारीसारखी केबिन, मागे उघडा हौदा. त्या देशाची ही कुलदेवताच. २०१६ पासून २०२२ पर्यंत सलग सात वर्षं तिथली सर्वांत जास्त खपलेली गाडी टोयोटा हायलक्स, म्हणजे पिकअप. २०२३ आणि २०२४ मध्ये पहिला नंबर फोर्ड रेंजरचा, तीही पिकअप. सकाळी फिरायला निघालो की दारोदार उभ्या. आपल्याकडे रानात चालणारी गाडी चिखलाने ओळखू येते. इथल्या यूट सोफ्यासारख्या पुसलेल्या.

शेजाऱ्याच्या यूटला काचेच्या कडेने टपापर्यंत गेलेला एक काळा पाइप होता. मी पुतण्याला विचारलं, हा कशाला?

"नदीतून जाताना इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून. हवा वरून घेते."

"नदी कुठेय?"

"इथे नाही."

"मग तो जातो कुठे?"

"ऑफिसला."

खरा तो पाइप पाहिजे होता चाळीसगावला, २०२१ च्या ऑगस्टअखेर. तितूर आणि डोंगरी या नद्या एका रात्रीत गावात घुसल्या, कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या, आणि दुकानांपुढे लावलेल्या गाड्यांना टपापर्यंत पाणी लागलं. त्या दिवशी गावात असा पाइप एकाही गाडीला नव्हता. उलटी गत गाडीपुढच्या लोखंडी बारची. ऑस्ट्रेलियात तो कांगारूसाठी. आपल्याकडे गाडीला असे बार लावायला २०१७ च्या डिसेंबरात बंदी आली. तरी चाळीसगावात ते दिसतात, आणि आपल्याकडे तर कांगारूही नाहीत.

यूटचा इतिहास मात्र मला आवडला. १९३२ साली तिथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं म्हणतात. मागणं साधं होतं. रविवारी चर्चला जाताना पावसात भिजायला नको, आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरं बाजाराला नेता यावीत. दोन गाड्या घ्यायला पैसे नव्हते. जिलाँगच्या कारखान्यातल्या ल्यू बँट नावाच्या विशीतल्या ड्राफ्ट्समनने तशी गाडी कागदावर काढली आणि १९३४ मध्ये ती रस्त्यावर आली. बाई हुशार होती. प्रतिष्ठा आणि डुकरं एकाच चेसिसवर बसवून घेतली तिने. पुढे डुकरं गेली आणि प्रतिष्ठा तेवढी राहिली. आता फोर्ड आणि टोयोटा दोघांनीही त्या देशातले गाड्यांचे कारखाने बंद केलेत, आणि देशाचा अभिमान म्हणून जी मिरवतात ती यूट थायलंडहून जहाजाने येते.

शोरूममध्ये मला मुद्दाम नेलं. मी एसटीच्या डेपोत हिशेबाला होतो. पण आमच्या घरात एसटीत असलेल्या प्रत्येकाला इंजिनातलं कळतं असा समज आहे, आणि मी तो कधी मोडला नाही. विक्रेता उमदा होता. ही गाडी साडेतीन टन ओढते, म्हणाला.

"ओढायचं काय?"

"बोट," पुतण्या हळूच म्हणाला.

"तुझ्याकडे बोट आहे?"

"नाही."

चारही चाकांना जोर देणारा गिअर आहे, हेही विक्रेत्याने सांगितलं. कन्नडचा घाट भरल्या गाडीने चढते का, हा माझा आजवरचा एकच निकष. पण मेलबर्नचा पश्चिम भाग म्हणजे जुन्या लाव्ह्याचं पठार. आपल्यासारखाच काळा दगड, पण घाट नाही. तो गिअर जिथे खरोखर कामाला येईल अशी जागा मला एकच माहीत आहे, आणि ती आमच्या गिरणा नदीच्या वाळूत आहे. तिथे रात्री कोण गाड्या घालतं यावर मी काही बोलणार नाही.

मग मी मोजायला घेतलं. चार दारांची रेंजर लांबीला पाच मीटर सदतीस सेंटिमीटर. तिथल्या पार्किंगच्या आखलेल्या चौकटीची ठरीव लांबी पाच मीटर चाळीस. म्हणजे पुढे-मागे मिळून तीन सेंटिमीटर, बिबड्याची एक घडीही उभी राहणार नाही. एवढी लांब गाडी, आणि हौदा किती? जेमतेम दीड मीटर. बाकीची गाडी माणसांनी, सीटच्या कातड्याने आणि टीव्हीएवढ्या पडद्याने खाल्लेली. मी विचारलं, "शिडी कुठे बांधायची?"

विक्रेत्याने हसून माहितीपत्रक दिलं. त्यात डोंगर होता, सूर्यास्त होता, कुत्रा होता. शिडी नव्हती.

किंमत साठ-सत्तर हजार डॉलर. मी मनातल्या मनात रुपये केले आणि खुर्ची शोधली.

शनिवारी सकाळी बनिंग्ज नावाच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकान कसलं, आपलं अख्खं मार्केट यार्ड छपराखाली घातलेलं. दाराशी कोणत्या तरी शाळेसाठी किंवा क्लबासाठी पैसे जमवणारे लोक तव्यावर सॉसेज भाजून पावात घालून विकतात. २०१८ मध्ये दुकानाने सांगितलं की कांदा सॉसेजच्या खाली घाला. वर घातला तर जमिनीवर पडतो आणि लोक घसरतात. यावर देशभर वाद झाला म्हणे. मी माळकरी माणूस. नुसता कांदा आणि पाव मागितला. त्या मुलीने डोळे विस्फारले, पण नियमाप्रमाणे कांदा खालीच घातला. वर काही नव्हतंच.

तो खात मी पार्किंगमध्ये उभा राहिलो आणि गाड्या बघितल्या. चकचकीत यूटमधून उतरलेले लोक बाहेर येताना एक कुंडी किंवा रंगाचा डबा घेऊन येत. ठोकलेल्या, दार नीट न लागणाऱ्या व्हॅनमधून उतरलेला माणूस ट्रॉली भरून सामान आणी, दोन मिनिटांत रचून टाकी आणि फोनवर बोलत निघून जाई. ज्याचा पत्रा जास्त चेपलेला, त्याचा फोन जास्त वाजत होता. चाळीसगावातही उत्तम वायरमन लूनावर येतो. मागे पोऱ्या, पोऱ्याच्या खांद्यावर शिडी, आणि वळण आलं की शिडीचं मागचं टोक आधी बँकेच्या पाटीला लागतं, मग माफी मागायला पोऱ्या उतरतो. त्याला बोलवायला चार दिवस आधी सांगावं लागतं. नव्या मोटारसायकलवर येणारा लगेच मिळतो.

पुतण्याला हे पटत होतं, पण त्याचं दुखणं वेगळं होतं. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला सगळे आयटीवाले. कोणाची टेस्ला, कोणाची मोठी एसयूव्ही. हा सूनबाईंना पैठणी नेसवून हायएसमधून आणतो. ती उतरते तेव्हा पदराला सोल्डरचा वास. एका वहिनींनी गोड आवाजात विचारलं होतं, "भावजी, आमच्याकडचा फॅन पण बघाल का?" खरं तर तिथे तासाचा दर बघता वहिनींच्या यजमानांपेक्षा पुतण्याच जास्त मिळवत असावा. पण आरतीच्या वेळी तासाचा दर कोण विचारतो? यूट घेतली की तो 'बिझनेसवाला' होणार होता. नंबरप्लेटही ठरली होती. व्हिक्टोरियात पैसे भरले की हवी ती सहा अक्षरं मिळतात. त्याने इंग्रजी स्पेलिंगातले स्वर गाळून सहा अक्षरांत 'खानदेश' बसवलं होतं.

शेवटचा निकाल चाळीसगावला लागणार होता. व्हिडिओ कॉलवर आप्पा. मागे घरातले सगळे, दोन शेजारी, आणि चहा. पुतण्याने शोरूममधल्या रेंजरचा फोटो दाखवला. क्षणभर शांतता.

"हाई ते पिकअप शे रे!" आप्पा म्हणाले. "यामा तं आपलाकडे म्हशी भरतस. तू तठे म्हशी इकाले गया का?"

मागचा शेजारी म्हणाला, बाजारच्या दिवशी अशा पन्नास उभ्या असतात, केळीला बरी. पुतण्याने किंमत सांगितली. आप्पांनी फोन उलटा धरला, बहुधा हिशेब करायला. आम्हाला बराच वेळ पंखा दिसला. परत आले ते म्हणाले, एवढ्या पैशात शेताला विहीर, पाइपलाइन आणि वर बुलेट. मग पुतण्याने चिडून हायएस दाखवली, त्याला नकोशी झालेली. ती मात्र पसंत पडली. लांब, बंद, पांढरी. आप्पांना ती लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॅव्हलर वाटली. पाटणादेवीला सगळं कुटुंब एका खेपेत जाईल. मागे सीट नाहीत असं सांगितलं, तर म्हणाले, गोधडी टाक, बायका बसतील. तिथे असं बसवलं तर पोलीस धरतात, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मेलबर्नमध्ये जी गाडी मान देते ती चाळीसगावात म्हशीची, आणि चाळीसगावात जी वऱ्हाडाची ती मेलबर्नमध्ये वायरमनची. पोरगा दोन्हीकडे फोटो पाठवणारा. त्याने काय करावं?

त्यात एक सरकारी वही निघाली. गाडीचा धंद्याचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करायचा तर सलग बारा आठवडे प्रत्येक खेपेची नोंद ठेवायची. किती किलोमीटर, कशासाठी. एकदा ठेवली की पाच वर्षं चालते. एसटीची लॉगशीट आयुष्यभर तपासलेला मी. ती वही मागून घेतली. 'सूनबाईंना देवळात सोडले, वैयक्तिक.' देवळात ट्रस्टींनी सभामंडपातला दिवा बघायला सांगितला, तर 'परत येताना, व्यवसाय.' पुतण्या म्हणाला, काका, असं चालत नाही. मी खोडून पुन्हा लिहिलं, सही केली. लाल शाईने.

शेवटी त्याने रेंजर घेतली. नवी नाही, तीन वर्षं वापरलेली. मग हौद्यात हत्यारं भिजतात आणि चोरीला जातात, म्हणून हौद्यावर कुलपाचं बंद कपाट बसवलं. ते काही हजार डॉलर. त्यात खण. खणांचे वेगळे. त्यावर लोखंडी चौकट, आणि चौकटीवर शिड्या. म्हणजे एवढा खर्च करून त्याने पिकअपची व्हॅन केली, आणि छताच्या पार्किंगमध्ये आता तीही जात नाही. वहिनींचा फॅन मात्र तो बघून आला, आणि बिल लावलं.

तुमच्याकडचं कोणी तिकडे कामाला जाऊन असलं काही विचारत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: जुनी व्हॅन घ्यावी, दारावर नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवावा, आणि उरलेल्या पैशात घरच्यांना फिरायला एखादी जुनी छोटी कार. एवढं सांगूनही पोरगा यूटच घेणार असेल तर घेऊ द्यावी. फक्त चाळीसगावला फोटो पाठवताना समोरून काढायला सांगा. हौदा दिसता कामा नये.