माथेरानची नाइटलाइफ

माथेरानला रात्री करण्यासारखं काय आहे, असं विचारल्यावर हॉटेलच्या मॅनेजरने वेळापत्रकच ऐकवलं. "नऊला तंबोला, दहाला मसाला दूध." मग? "मग सकाळी सहाला गरम पाणी." मधल्या आठ तासांची जबाबदारी त्याने घेतलेली नव्हती.

गावाची एकूण तब्येतच तशी. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला आणि गोऱ्या साहेबांना थंड हवेची सोय झाली. मोटार आजही दस्तुरी नाक्यालाच सोडावी लागते. १९०७ पासून नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांवरून जी छोटी गाडी वर येते, तीही दिवसाउजेडी. त्या मार्गावरच्या एकुलत्या एक बोगद्याला 'वन किस टनेल' म्हणतात. बोगदा इतका आखूड की त्यात दुसऱ्याचा विचार मनात येईपर्यंत डब्यात ऊन येतं. गावातला अधिकृत चावटपणा एवढाच.

अनधिकृत चावटपणाचा सगळा दफ्तरखाना हॉटेलच्या ओट्यावर विडी ओढत बसला होता. हे घोडेवाले मामा. घोडे आता मुलगा सांभाळतो, मामा आठवणी सांभाळतात.

"तंबोल्याला हसू नका साहेब," मामा म्हणाले. "लई राडे झालेत त्याच्यावर." पूर्वी एका हॉटेलात आकडे पुकारायचं काम वाढप्याकडे होतं. अठ्ठ्याऐंशीला 'टू फॅट लेडीज' म्हणायचं, हे त्याला साहेबलोकांनी पढवलेलं. एका रात्री अठ्ठ्याऐंशीची सोंगटी हातात आली आणि समोरच्याच खुर्च्यांवर दोन भरभक्कम शेठाण्या. त्याने सोंगटी मुकाट्याने खिशात घातली. बराच वेळ गेला तरी फुल हाऊस कोणाचंच होईना. शेवटी खिशाची झडती झाली, आणि हाऊस निघालं त्यातल्याच एका शेठाणीचं.

मग परमिटचा जमाना आला. मुंबईत दारूबंदी, त्यामुळे प्रकृतीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यावी लागे आणि हवापालटाला आलेल्यांची प्रकृती दिवेलागणीनंतर विशेष खालावे. असेच एक शेटजी बायकोला झोप लागली की मागच्या दाराने दुसऱ्या बंगल्यावर तीनपत्ती खेळायला जायचे. परतायला मामांचा घोडा. एकदा मामांना थांबायला वेळ नव्हता. शेटजींनी लगाम सैल सोडला आणि घोड्याला म्हणाले, "चल बेटा, घरी."

घोडा घरीच गेला. स्वतःच्या.

पहाटे मामांची आई दाणा घालायला तबेल्यात गेली, तर गवताच्या भाऱ्यावर रेशमी झब्बा घोरत पडलेला. तिने त्यांना कोरा चहा पाजला, भाकरी खाऊ घातली आणि वाटेला लावलं. शेटजींनी बायकोला पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय बघायला गेलो होतो म्हणून सांगितलं. मामांच्या मते ती थाप पचलीही असती. माथेरानची लाल माती सगळ्यांच्याच बुटांना लागते, तिच्यावरून कोणी पकडला जात नाही. पण सूर्योदय बघून आलेल्या माणसाच्या पाठीला गवत कसं, हे बाईंना पटेना.

इको पॉइंट मात्र पोरांच्या ताब्यात होता. चांदण्या रात्री नवी जोडपी तिथे जायची आणि पोरं आधीच खालच्या झाडीत दबा धरून बसायची. एक नवरदेव कठड्याशी उभा राहून भरल्या गळ्याने ओरडला, "सुधाऽऽ!"

दरीतून उत्तर आलं, "सुधा झोपलीऽऽ! उद्या ये!"

सुधा हसता हसता खाली बसली. नवरदेवाचा मात्र चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्याने हॉटेलात तक्रार केली, की इथला प्रतिध्वनी बरोबर नाही.

"तुम्ही होता त्या पोरांत?" मी विचारलं.

"आवाज माझाच होता," मामा म्हणाले. विडी विझली होती, ती त्यांनी कानावर ठेवली.

मौज करायला मुंबईकर इतका डोंगर चढून येतो आणि मौज होते ती इथल्या लोकांची. हा व्यवहार अजून चालू आहे. त्याच रात्री मामा आम्हा चार-पाच जणांना बॅटरी घेऊन हार्ट पॉइंटला घेऊन गेले. आकाश स्वच्छ असलं की तिथून लांबवर मुंबईचे दिवे दिसतात. मुंबईला कंटाळून आलेली मंडळी अंधारात ठेचकाळत तिथवर गेली आणि मुंबई दिसल्याबरोबर हरखली. सगळ्यांना आपापलं घर शोधायचं होतं.

"मामा, दादर कुठलं?" एका तरुणाने विचारलं. मामांनी क्षणाचाही विलंब न लावता बोट दाखवलं. "त्या दोन मोठ्या दिव्यांच्या डावीकडं. ते दादर." तरुणाने फोटो काढला आणि तिथल्या तिथे आईला पाठवला. एका बाईंना मुलुंड हवं होतं, तेही मिळालं.

परतताना मी हळूच विचारलं, "मामा, एवढ्या लांबून दादर ओळखता कसं?"

"दादर कुठंही दाखवलं तरी चालतं साहेब. गिऱ्हाईक कुर्ल्याचं असलं, तर कुर्ला तेवढा जरा मोठा दाखवायचा. बक्षिशी बरी देतात."