काट्याचे फिर्यादी

लहान विमानांच्या हँगरात ज्यांचा काही काळ वावर झाला आहे, त्यांस या गृहस्थांचा परिचय करून देण्याचे कारण नाही. इतरांसाठी ही अल्पशी कैफियत. गृहस्थ पन्नाशी उलटलेले, बेताचा कारखाना आणि दोन आसनांचे विमान बाळगून असलेले, आणि विमानाच्या नाकाडात बसविलेल्या ऑस्ट्रियन बनावटीच्या ८० अश्वशक्तीच्या रोटॅक्स ९१२ इंजिनावर पोटच्या पोरासारखी माया करणारे असतात. आणि पोरावर माया करणारा बाप जसा गुणपत्रिका पाहताच प्रथम मास्तरांच्या लायकीविषयी शंका घेतो, तसे हे, तेलाच्या दाबाचा काटा जरा खाली झुकला की, इंजिनाची नव्हे, काट्याची चौकशी आरंभितात.

या इंजिनात तेलाचा दाब २ ते ५ बार असावा, थंडीत सुरू करताना तो क्षणभर ७ पर्यंत चढला तरी क्षम्य मानावा, आणि सुरू केल्यापासून दहा सेकंदांत काटा उठला नाही तर इंजिन तत्काळ बंद करावे, हे सारे त्यांना मुखोद्गत असते. परंतु काटा दीडवर येऊन थांबला की त्यांच्या मुखातून निघते ते एकच वाक्य : "सेन्सर गेला."

न्यायाची गोष्ट सांगायची तर ही फिर्याद अगदीच बिनबुडाची नसते. फ्रान्सच्या बूर्दों नामक कारागिराने १८४९ साली शोधलेल्या जुन्या गेजात प्रत्यक्ष तेलच नळीवाटे काट्यापाशी येई, आणि जत्रेतली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडावी तशी आतली वाकडी नळी उलगडून काटा हलवी. आता तेलाऐवजी त्याची बातमी तेवढी येते. तेलपंपाच्या अंगाशी आवळलेला सेन्सर इंजिनाबरोबर अहोरात्र थरथरतो. दाब नसता त्याचा विद्युत्‌रोध सुमारे १० ओहम असतो, तो दाबाबरोबर १८० पर्यंत चढतो. आणि जुन्या जातीच्या सेन्सरला तार एकच, परतीची वाट त्याच्या धातूच्या अंगातूनच. असा जासूद कधी खोटे बोलला तर नवल नाही. मात्र त्याची जबानी पडताळण्यास शेजारीच दुसरा साक्षीदार हजर असतो : तेलाच्या तापमानाचा काटा. दाब उतरला आणि ताप चढला, तर बातमी खरी. ताप जागच्या जागी असेल तर संशयाला जागा आहे. पण तो संशय खाली उतरून फेडावा, वर आकाशात नव्हे.

आमच्या गृहस्थांनी तो स्वहस्ते फेडला. एका रविवारी सेन्सर काढून, नळाच्या तोटीला गुंडाळावी तशी पांढरी टेफ्लॉनची टेप त्याच्या आट्यांवर सढळ हाताने गुंडाळून त्यांनी तो पुन्हा आवळला, आणि काय आश्चर्य! काटा थेट १० वर जाऊन टेकला. इंजिनाने नवयौवन धारण केल्याची वार्ता त्यांनी हँगरभर पेढ्यासारखी वाटली. दीडवर अविश्वास दाखविणाऱ्या या संशयात्म्यास दहावर यत्किंचितही शंका आली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मिस्त्री मात्र पेढा न घेताच आत गेले. टेपने सेन्सरची परतीची वाट अडविली, म्हणून काट्याने रोध अनंत समजून शेवट गाठला, हे त्यांनी एका नजरेत ओळखले. टेप खरवडून, सेन्सरच्या जागी साधे तेलाचे गेज जोडून त्यांनी इंजिन चालविले. गेज म्हणाले, दीड.

"हे गेज किती वर्षांचे आहे, मिस्त्री?" गृहस्थांनी खालच्या सुरात विचारले.

"माझ्या लग्नाआधीचं, साहेब," मिस्त्री म्हणाले, आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडून गोळीच्या बुडाशी अडकलेला मोहरीएवढा कण त्यांनी तळहातावर धरून दाखविला. गोळी नीट बसत नव्हती, तेल परस्पर निसटत होते. त्यांनी सारे पुसून, जिथल्या तिथे बसवून, मूळचा सेन्सर बिनटेपचा आवळून पुन्हा इंजिन सुरू केले. काटा उठला आणि डौलाने ४ वर स्थिरावला.

गृहस्थ बराच वेळ त्याच्याकडे निरखून पाहत राहिले.

"चारच?" ते म्हणाले. "परवा मी दुरुस्त केले तेव्हा दहा होते."