पालकांची सही

पालकसभेत बाईंनी फर्मान काढलं, "रोज रात्री मुलांकडून वीस मिनिटं वाचून घ्या आणि वाचन-वहीत सही करा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मोबाइलवरची नजर न काढता पालकसभेत तेवढंच करता येतं.

तसा वाचनाचा आम्हा पालकांना उमाळा फार. 15 ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर पुस्तकधारी बालकांच्या फोटोंचा पूर येतो. गेल्या खेपेला एका बाळाने पुस्तक उलटं धरलं होतं. खाली अंगठ्यांची रांग लागली. उलटं कुणालाच दिसलं नाही.

रात्री आमच्याकडे तिसरीतली कन्या पुस्तक घेऊन बसते, नजर घड्याळावर. मी शेजारी परीक्षकाच्या थाटात. "स्पष्ट वाच. पूर्णविरामाला थांब. बरं, तात्पर्य काय?"

"बाबा, वीस मिनिटं झाली."

सही.

आमच्या मातोश्रींची तऱ्हा निराळी. त्यांनी 'किशोर'चा एक जुना अंक काढला. (बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. फुकट म्हटल्यावर तरी बघाल!) नातीला मांडीशी घेऊन त्यांनी राक्षसाचा आवाज असा काही काढला की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. राक्षस विहिरीत डोकावला, आतून कुणीतरी त्याची दाढी धरली, आणि आईने चष्मा काढला. "उरलेलं उद्या. मला डाळ भिजत घालायचीय."

"आजी, असं काय गं!"

"मग वाच तुझी तू."

आजी स्वयंपाकघरात जाताच कार्टीने अंक उचलला आणि सोफ्यामागे मुक्काम ठोकला. ओठ हलत होते, बोट ओळीवरून सरकत होतं, अवघड जोडाक्षरं सरळ गिळली जात होती. 'भयंकर'चं 'भंयकर' झालं तेव्हा मी तोंड उघडलं. आईने आतूनच डोळे वटारले. जेवायला हाक मारली तर "थांबा ना!" असं उत्तर आलं. हे वाक्य आमच्या घरात आजवर फक्त टीव्हीच्या वाट्याला आलं होतं.

आता वाचन-वही आजीकडेच द्यावी, असं मी बाईंना सुचवलं. त्या म्हणाल्या, "आजींना वाचू दे की. पण सही तुमचीच लागेल. रकाना 'पालकांची सही' असा आहे."