पत्त्यात क्रियापद

हिंजवडीतल्या बऱ्यापैकी प्रत्येक कंपनीत एक शास्त्रीबुवा असतात. पद आर्किटेक्टचं, काम सोवळं सांभाळण्याचं. रॉय फील्डिंगने 2000 साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, अर्व्हाइनला, जो पीएचडीचा प्रबंध लिहिला, त्यातलं रेस्ट या वेब-रचनाशैलीवरचं पाचवं प्रकरण त्यांना मुखोद्गत असतं. (बाकीची प्रकरणं वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.)

नव्या पोराने यूआरएलमध्ये 'कॅन्सल-बुकिंग' लिहिलं की बुवा शहारतात. "पत्त्यात क्रियापद? अरे, पत्ता वस्तूचा असतो! क्रियेला गेट, पोस्ट, पुट, डिलीट आहेत ना?"

"मग सर, तिकीट रद्द कसं करायचं?"

"रद्दीकरण नावाची वस्तू जन्माला घाल."

पोरगं कीबोर्डकडे बघत राहतं.

परवा बसच्या तिकिटांवरून मीटिंग झाली. आसन एका कंपनीचं, पैसे बँकेत, विमा तिसऱ्याकडे. बँकेत सोप या जुन्या प्रोटोकॉलच्या जमान्यात केस पिकवलेले एक काका म्हणाले, "टू-फेज कमिट करा. आधी सगळ्यांना विचारायचं, तयार का? सगळे हो म्हणाले तरच पक्कं."

"आणि विचारणाराच मध्ये बंद पडला तर? बाकीचे हो म्हणून अडकून बसणार! शिवाय परक्या बँकेच्या सर्व्हरवर तुमचं कुलूप कोण लावू देईल, काका?"

काका गप्प झाले. इथे मात्र बुवांची वस्तूंची हौस कामी आली, हे मान्य करायला हवं. बुकिंगलाच स्वतःचा पत्ता द्यायचा. विनंती आली की 202, म्हणजे 'घेतली, काम चालू आहे'. पुढे काय झालं ते गेटने त्याच पत्त्यावर विचारायचं. पैसे अडले तर आसन सोडण्याची वेगळी विनंती पाठवायची. प्रत्येक पावलाला एक उलटं पाऊल.

"याला सागा म्हणतात. गार्सिया-मोलिना आणि सेलम, 1987," बुवा म्हणाले.

"सत्याऐंशी? तेव्हा वेब तरी होतं का? म्हणजे तुमच्या पाचव्या प्रकरणात हे नाहीच!" काकांना कंठ फुटला. "आणि गिऱ्हाइकाला गेलेला 'तिकीट पक्कं'चा एसेमेस कुठल्या उलट्या पावलाने परत आणणार?"

बुवांनी पाण्याची बाटली उघडली आणि बराच वेळ पाणी प्यायले.

घरीही हेच. बायको म्हणते, "ते झालं का?" बुवा म्हणतात, "कुठलं ते? प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण हवी, मागचं काही लक्षात ठेवायचं नसतं." लग्नाचा वाढदिवसही त्यांनी याच तत्त्वावर विसरून दाखवला आहे.

गेल्या रविवारी त्यांनी अ‍ॅपवर दोन लिटर दूध मागवलं. स्क्रीन अडकली, म्हणून पुन्हा बटण दाबलं. दारात चार लिटर! बुवा खुलले. "पोस्ट दोनदा गेलं की काम दोनदा होतं. दोन्ही विनंत्यांवर एकच खूणक्रमांक असता, तर समोरच्याने दुसरी ओळखली असती."

"दोन लिटर परत करा."

"झालेला व्यवहार पुसता येत नाही गं. त्याची भरपाई करायची असते."

"करा मग," म्हणत तिने पातेलं, दोन लिंबं आणि पनीर गाळायचं फडकं त्यांच्यापुढे ठेवलं.