शेडातल्या अळ्या

"काय गं, तुझ्या दिरानं कोंबड्यांच्या जुन्या शेडात काय मांडलंय? बेल्ह्याच्या बाजारात बायका मलाच विचारतात. म्हणे माश्या पाळल्यात!"

"घरमाशी नाय ती, काकी. ब्लॅक सोल्जर फ्लाय. काळी, लांबुळकी. चावत नाय, ताटावर बसत नाय. थोडे दिवस जगते, फळीच्या फटीत अंडी घालते न् मरते. आपलं काम तिच्या अळ्यांशी. शेततळ्यातल्या पंगसला घालायच्या."

"पंगस म्हंजे तो मिशावाला, बिनखवल्याचा? बया, मग तो मांगूरच की! उजनीच्या काठाला आमची भाची दिलीय. तळ्यांजवळनं नाकाला पदर लावूनच जावं लागायचं. चिकनच्या दुकानातली आतडी ओतायचे त्यात."

"तो थाई मांगूर. त्याला सरकारनं २००० सालीच बंदी घातलीय. चोरून पाळायचे. पुढं हरित लवादानं फर्मावलं, तवा साहेब लोकांनी तळ्यातले मासे काढून नष्ट केले. नदीत सुटला तर आपले देशी मासे खाऊन साफ करतो तो. पंगस त्याचा लांबचा भाऊबंद, पण हाटेलात बासा म्हणून जातो तो हाच."

"मग त्याला पोत्यातलं खाद्य घाला की."

"पोत्याचा भाव कुठं परवडतोय? मासा पोसायच्या खर्चात निम्म्याहून जास्त पैसा खाद्यातच जातो. त्यात महाग काय, तर फिशमील. समुद्रातली बारकी मासळी वाळवून दळलेली. म्हंजे मासा मारून मासा पोसायचा. वाळलेल्या अळीत शंभरात चाळीसेक भाग प्रथिनं असतात. अमेरिकेत जॉर्जियाला १९८१ सालीच मिशावाल्या माशांना ह्या अळ्या घालून बघितल्यात. युरोपानं २०१७ ला माशांच्या खाद्यात किडे चालतील म्हणून कायदा केला. भावजी हे सगळं मोबाइलवर वाचून सांगतात, तेही जेवताना!"

"शी! न् अळ्या खातात काय?"

"नारायणगावला टोमॅटोचा भाव पडला की रस्त्याकडंला ओततात ना, तो. कोबीचा पाला, मांडवातलं उरलेलं. नुसत्या टोमॅटोचा चिखल होतो न् मग वास सुटतो, म्हणून कोंडा कालवायचा. दोनेक आठवड्यांत अळी बोटाच्या पेराएवढी होते. मग काळी पडते, न् आपसूक फळीवरनं चढून पलीकडच्या बादलीत पडते. धरायला जावं लागत नाय. मग उकळत्या पाण्यात घालून वाळवायची."

"गुणाची आहे की! मग पोतं बंदच म्हणायचं?"

"छे. अळीची साल पचायला जड. न् फिशमीलमधलं ते ओमेगावालं तेल तिच्यात नावालाच. म्हणून थोडं फिशमील, सोयाबीनची पेंड ठेवावीच लागते. सगळं अळीवर सोडलं तर मासा नीट वाढत नाय. शिवाय थंडी आहेच. आपल्या जुन्नरची थंडी पडली की पंगस तोंड मिटतो, मरतोसुद्धा. त्याच्या आत विकायचा."

"तुझ्या सासूबाई गं? माळकरी बाई, आळे गावाला ज्ञानोबांच्या रेड्याच्या समाधीला जाणारी."

"पहिल्या दिवशी लई बोलल्या. किती जीव उकळत्या पाण्यात घालणार म्हणाल्या. भावजी म्हणाले, टोमॅटोवर फवारतो तवा कुठं मोजतेस? तवापासनं दोघंही त्या विषयावर बोलत नायत. सासूबाई शेडाकडं बघत नायत, पण उष्टं-खरकटं तेवढं आठवणीनं बादलीत टाकतात."

"मी तर बाई तो मासा तोंडात घालणार नाय."

"काकी, तुमच्या कोंबड्या उकिरड्यावर काय श्रीखंड खातात? त्यांची अंडी बरी चालतात!"

"ते वेगळं. ते आपण बघत नाय... बरं, खालचा उरलेला गाळ काय करता?"

"खत. भावजी पोत्यात भरून विकणार म्हणतात."

"विकणार? माझ्या कांद्याच्या रोपाला एक पोतं ठेव म्हणावं. न् पैशाचं नाव काढू नको. शेड माझ्या कुंपणाला लागून आहे, वास मी फुकट घेतलाय."