मिठाची गुळणी

मराठी माणसाला दुसऱ्याचं चुकताना बघवत नाही. कुणी स्क्रू उलटा पिळू लागलं, रिक्षावाल्याने लांबचा रस्ता धरला, शेजारणीने पोह्यात आधी हळद घातली, की आपल्या तोंडून "अहो, तसं नव्हे" निघून जातं. चाचणीकाकांचा पिंड याच मातीचा. पण उतारवयात त्यांनी उद्योग असा पत्करला की त्यात दुसऱ्याला चुकताना नुसतं बघायचं असतं. बोलायचं नसतं.

काका जयपूरच्या मुरलीपुऱ्यात राहतात. सीकर रोडवरच्या चौमू पुलियापासून आत शिरलं की वस्ती सुरू होते. काकांना आपल्या वस्तीपेक्षा शेजारच्या विद्याधर नगरचा अभिमान अधिक, कारण ते बाळकृष्ण दोशींनी आखलं आणि दोशी जन्मले पुण्यात. "मूळ जयपूर १७२७ साली विद्याधर भट्टाचार्यांनी आखलं, ते ठीकच आहे," असं ते नव्या पाहुण्याला सांगतात. त्या 'ठीकच आहे'मध्ये बंगालला द्यायचं तेवढं श्रेय देऊन झालेलं असतं.

नोकरी सगळी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. गेज भोकात गेला तर माल पास, अडकला तर भंगार. निवृत्तीनंतर एका विद्यापीठाने त्यांना गुणवत्ता नियंत्रण शिकवायला बोलावलं आणि बैठकीला वेळेवर येणारा एकमेव माणूस म्हणून वेबसाइट समितीवर घातलं. समितीपुढे एका सल्लागार कंपनीचं दरपत्रक होतं. विद्यार्थ्यांना साइट वापरता येते का, हे तपासून सांगण्याचे काही लाख. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "एवढं मी कचोरीत करून देतो."

यात कंजुषी नाही, शास्त्र आहे, असं काका म्हणतात, आणि पंचाईत अशी की ते खरं आहे. जेकब निल्सन नावाच्या डॅनिश माणसाने १९८९ मध्येच स्वस्तातल्या तपासणीचा पुरस्कार केला होता. आरशामागची खोली नको, प्रयोगशाळा नको. थोडी माणसं बसवा, काम द्या, बघत राहा. पुढे १९९३ मध्ये त्याने टॉमस लँडावर यांच्याबरोबर त्याचं गणितही मांडलं. सरासरी काढली तर एक माणूस ३१ टक्के अडचणी उघड्या पाडतो. दुसरा बहुतेक त्याच दगडांना ठेचकाळतो, थोडे नवे दाखवतो. तिसरा आणखी थोडे. असं करत पाच माणसांत पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास काम होतं. 'पाचच पुरे' हा त्याचा लेख २००० सालचा. जन्मभर काटकसर करून बायकोची बोलणी खाल्लेल्या माणसाच्या हाती हे गणित लागलं, मग काय विचारता!

काकांनी वही घातली. पहिल्या माणसाचे ३१, दुसऱ्याचे २१, तिसऱ्याचे १५, चौथ्याचे १०, पाचव्याचे ७. त्यावरून मानधन ठरलं: पहिल्या तिघांना अख्खी प्याज कचोरी, चौथ्याला कचोरी पण दुसऱ्यांदा चटणी नाही, पाचव्याला अर्धी. सहावा माणूस धड पाच टक्केही देत नाही, म्हणून सहाव्याला फक्त चहा.

"आणि शास्त्रज्ञाच्या बायकोला?" काकूंनी आतून विचारलं.

ते ३१ टक्के त्या दोघांनी पाहिलेल्या प्रकल्पांची सरासरी होती, दुसरीकडे आकडा खाली घसरू शकतो, असं मी एकदा भीत भीत सुचवून पाहिलं. "कचोरीचा भावही बदलतोच की," काका म्हणाले. गणिताला बाध आला नाही.

प्रयोगशाळा म्हणजे जेवणाचं टेबल. लॅपटॉप माझा. लोणच्याच्या बरणीला टेकवलेला काकूंचा मोबाइल चित्रण करणार. टिपणं मी घ्यायची. काका पाहुण्याच्या जरा मागे, खुर्ची तिरकी टाकून, आणि तोंडात लवंग. मदत करायची नाही हा या तपासणीचा पहिला नियम, आणि तो पाळायला काकांना एवढा एकच उपाय सापडला होता. जिभेवर काहीतरी झोंबत असलं की ती आवरते म्हणे. माणूस योग्य बटणाच्या जवळून कोरडा निघून गेला की लवंग या गालातून त्या गालात जाई. मी टिपणांत तीही नोंद ठेवू लागलो, कारण साइट कुठे कुजकी आहे हे काकांच्या गालावरून पाहुण्याच्या बोलण्याइतकंच नीट कळे.

प्रश्न विचारायचीही रीत आहे. 'पुनर्मूल्यांकनाची लिंक शोधा' असं म्हणायचं नाही. तो शब्द मेनूत असतोच, माणूस शब्दाला शब्द जुळवतो आणि साइट विनाकारण पास होते. म्हणून काका गोष्ट सांगत. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या मुलाला त्यांनी विचारलं, "इतिहासात तुला वाटले त्यापेक्षा फार कमी मार्क पडले. आता काय करशील?"

मुलगा बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "मामाजी को फोन करूँगा. वो यूनिवर्सिटी में हैं."

लवंग डावीकडून उजवीकडे गेली. मी काय लिहू म्हणून बघितलं तर काकांनी खूण केली: जसंच्या तसं.

याच मुलाने मग परीक्षेची एक सूचना मोबाइलवर उघडली. सूचना कुणीतरी कागद आडवा ठेवून स्कॅन केलेली. त्याने मान वाकडी केली. जमेना, म्हणून फोन आडवा केला, तर पानही फोनबरोबर फिरून पुन्हा आडवं. फोन उभा केला, पान वळलं. मग त्याने फोन टेबलावर सपाट ठेवला, दोन बोटांनी दाबून धरला आणि स्वतः खुर्चीवरून उठून टेबलाच्या बाजूला गेला. तिथून त्याला परीक्षेची तारीख वाचता आली. काकांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. तपासणी खात्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाने असा माल दारातच भंगारात टाकला असता. इथे तो विद्यार्थ्यांच्या हातात पोचला होता, आणि विद्यार्थी मालाऐवजी स्वतःला फिरवून घेत होता.

तेवढ्यावर भागलं नाही. त्याने शोधपेटीत 'परीक्षा' टाइप केलं. एकही निकाल नाही. असेल कसा? जुन्या सूचना चित्रं होती, आणि ज्या खरोखर टाइप केलेल्या होत्या त्या राजस्थानातल्या कचेऱ्यांत अजून ठाण मांडून बसलेल्या देवलिस वळणाच्या फॉन्टात. डोळ्यांना 'परीक्षा' दिसते. संगणकाच्या लेखी तिथे आय, जे, एच, मग एक महिरपी कंस आणि दोन के असतात. शोधणारा हिंदीत शोधतो, साइट कंसात उत्तर देते.

खरी अडचण आली ती सभ्यतेची. मोठ्या माणसाच्या घरी, त्यांचीच कचोरी खाऊन, त्यांच्याच साइटला वाईट कोण म्हणणार? सीकरकडून येऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी तिसरी आली. मनात येईल ते मोठ्याने बोलत जा, हा या चाचण्यांतला जुना रिवाज. आयबीएममध्ये क्लेटन लुईसने १९८२ मध्येच तो सांगितलेला. पहिल्या दोघांत काकूही होत्या, त्यांना तो सांगावाच लागला नव्हता. त्या बोलल्या ते साइटबद्दल थोडं आणि काकांबद्दल बरंच होतं. पण ही मुलगी प्रत्येक पानावर "अच्छी है, अंकल जी" एवढंच म्हणे. पंधरा मिनिटं गेली, फी भरायचं पान सापडलं नाही, तरी साइट अच्छीच.

काकांनी लवंग थुंकली आणि मुंबईचा उपाय काढला. अपाला लाहिरी चव्हाण यांनी नेमकी हीच भारतीय अडचण ओळखली होती. माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत, म्हणून त्यांना सिनेमाच्या कथानकात घालायचं: भाचीचं लग्न तोंडावर आलंय, नवरा मुलगा गुंड निघालाय, पुरावा तुमच्या हातात आहे, तातडीने विमानाचं तिकीट काढा! या पद्धतीला बॉलिवूडचंच नाव पडलं. काकांनी तिला मुरलीपुऱ्याला परवडेल इतकं छाटलं. विमान गेलं, गुंड गेला. "तुझ्या बहिणीला स्थळ आलंय," काका हिंदीत म्हणाले, आणि आवाज आपोआप खाली आला, "मुलगा सांगतो मी एम.ए. आहे. उद्या साखरपुडा. खरं की खोटं, या साइटवरून शोध."

मुलगी ताठ बसली. आता तिला कुणाची भीड राहिली नाही. निकालाचं पान शोधताना तिने कुलपतींचं छायाचित्र, कुलगुरूंचा संदेश, वृक्षारोपणाची सरकती चित्रं, 'नवीन' म्हणून लुकलुकणारी आणि नवीन नसलेली सूचना, सगळ्यांचा मोठ्या आवाजात उद्धार केला. शेवटी निकालाचं पान मिळालं, तर त्याने रोल नंबर मागितला. "रोल नंबर?" तिने वळून काकांनाच खडसावलं. "जो लड़का झूठ बोल रहा है, वो रोल नंबर देगा क्या?" पदवी पडताळणीचा दुवा कुठेतरी तळाशी होता. तो सापडेपर्यंत तिने मनातल्या मनात साखरपुडा मोडून टाकला होता. जाताना काकूंना विचारून गेली, "आंटी, लड़का सच में है क्या?"

चौथा पाहुणा मात्र काकांच्या सगळ्या शास्त्राला पुरून उरला. तो गल्लीच्या तोंडाशी ई-मित्र चालवतो. आपल्याकडे महा ई-सेवा केंद्र असतं, तसंच राजस्थानातलं हे दुकान. विजेचं बिल, दाखले, अर्ज, विद्यापीठाची फी, सगळं तिथे. तो दुकान सोडून येईना, म्हणून प्रयोगशाळाच तिकडे गेली. काकांनी नवी लवंग घेतली आणि म्हणाले, "होमपेज उघडा, आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरा."

"होमपेज?" तो म्हणाला. "वो कौन खोलता है?"

त्याच्या मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठ्यांची झालर होती, प्रत्येक चिठ्ठीवर एक पत्ता. अर्जाचा वेगळा, फीचा वेगळा, पैसे कापले गेले पण पावती आली नाही त्याचा वेगळा. त्याने पत्ता घातला, पहिल्याच पानावरची लाल सूचना न वाचता बंद केली, नाव भरलं, आडनावाच्या जागी एक टिंब दिलं ("आडनाव नसलं तर पान पुढे जात नाही, आणि निम्म्यांना आडनाव नसतं"), फोटो लहान केला, कॅप्चा वाचला. वाचला म्हणजे पाहिलाच नाही म्हणायचं, बोटांनी ओळखला. अर्ज झाला. मागे उभ्या असलेल्या तिघा विद्यार्थ्यांपैकी एकानेही ती साइट आयुष्यात उघडली नव्हती.

काका दुकानातून बाहेर येऊन पायरीवर बसले. गेजच्या भाषेत हा माल पास होता की भंगार, हेच त्यांना ठरवता येईना. या माणसाला एकही अडचण आली नव्हती. प्रत्येक अडचणीची त्याच्याकडे चिठ्ठी होती, आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्याचं पोट. साइट उद्या सुधारली तर पहिली तक्रार याचीच येणार. त्या दिवशी काकांनी त्याला कचोरी दिली आणि चटणीही दोनदा घेऊ दिली. वहीत त्याच्या नावापुढे दहा टक्क्यांच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे.

पाचवा एक सुरक्षारक्षक होता, मुलीची फी भरायला आलेला. त्याच्या वाट्याची अर्धी कचोरी काकूंनी परस्पर अख्खी केली, त्यावरून घरात काय झालं ते इथे सांगत नाही.

समितीपुढे काकांनी आकडे ठेवले नाहीत. बरणीला टेकवलेल्या मोबाइलचं चित्रण लावलं. त्याआधी एक चित्र वाटलं, रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराचं, २०१० सालचं: दोन वर्तुळं, एकात विद्यापीठाच्या पहिल्या पानावर काय असतं, दुसऱ्यात लोक काय शोधायला येतात. दोन्हींत मिळून सामाईक गोष्ट एकच, विद्यापीठाचं पूर्ण नाव. सगळे हसले. "आपल्याकडे तेही चित्रात आहे, शोधून सापडत नाही," काका म्हणाले, तेव्हा हसणं थांबलं.

"ये तो अनपढ़ लोग हैं," अध्यक्ष म्हणाले. "पढ़े-लिखे आदमी को दिक्कत नहीं आएगी."

काकांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, खिशातून लवंग काढली आणि अत्यंत आदराने विनंती केली की साहेबांनी स्वतःच्या कार्यालयाचा फोन नंबर साइटवरून शोधून द्यावा. साहेबांनी 'आमच्याविषयी' उघडलं, 'प्रशासन' उघडलं, स्वतःचा फोटो पाहिला, तो जुना आहे असं म्हणाले, पुन्हा पहिल्या पानावर आले. लवंग इकडून तिकडे गेली. खोलीत कुणी बोलेना. काकाही नाहीत. शेवटी साहेबांनी स्वतःचा मोबाइल काढला आणि बाबूला फोन लावून विचारलं, "अरे, अपने ऑफिस का नंबर क्या है?"

काकांनी वहीत सहावी ओळ भरली आणि शिपायाला सांगून साहेबांसाठी चहा मागवला. साहेबांनी बरोबर काही खायला आहे का विचारलं. काकांनी गणित समजावून दिलं.