रक्ताची पैसेवारी

आमच्या जत तालुक्यात कोणतीही गोष्ट वेळेवर येण्याची वहिवाट नाही. पाऊस मृगात येईल म्हणून डोळे लावून बसावे, तर तो उत्तरा-हस्तात उगवतो, आणि आला तरी पाणंदीच्या अलीकडचे शिवार भिजवून पलीकडचे कोरडे ठेवतो. म्हैसाळ योजनेचे पाणी कृष्णेपासून पंपांच्या टप्प्याटप्प्याने चढत यावयाचे, ते निवडणूक आणि वीजबिल यांचे ग्रह अनुकूल झाले म्हणजे येते. आणि रेल्वेचे म्हणाल, तर मिरज-कुर्डुवाडी मार्गावर आमच्या नावाचे 'जत रोड' हे स्थानक खरोखरच आहे, मात्र तेथे उतरलेल्या पाहुण्यास जतचे दर्शन घडण्यापूर्वी आणखी एक स्वतंत्र प्रवास करावा लागतो. पाण्यासाठी कर्नाटकात सामील होण्याचे ठराव ज्या तालुक्यातील गावांनी केले, त्या तालुक्यात उभा जन्म काढलेल्या मनुष्याचे हृदय तेवढे घड्याळाबरहुकूम चालावे, अशी अपेक्षा वैद्यकशास्त्राने कोणत्या आधारावर धरली, हे मला अद्याप उमगलेले नाही.

माझ्या हृदयाच्या या स्वैर वर्तनास डॉक्टर 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात, औषधांचा दुकानदार 'एएफ' म्हणतो, आणि आमच्या गल्लीत 'तात्यांचं काळीज फडफडतंय' असे म्हणतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे एका ठिकाणाहून सुटलेल्या हुकमाने एकदम आकुंचन पावावेत, हा निसर्गाचा जाबता. या विकारात त्या कप्प्यांत जिकडून तिकडून मिनिटास साडेतीनशे ते सहाशे हुकूम सुटू लागतात, त्यांतले काही मधल्या गाठीपाशी अडतात, काही खाली पोहोचतात, आणि खालचे कप्पे बिचारे जो हुकूम हाती पडेल त्याची तामिली करीत सुटतात. नाडी त्यामुळे नुसती जलद होत नाही, तर तिच्या दोन ठोक्यांमधील अंतराचा काही हिशेबच उरत नाही. यात भय आहे ते धडधडीचे नव्हे. वरचे कप्पे नीट मिटत नाहीत, म्हणून डाव्या कप्प्याच्या एका लहानशा पिशवीत रक्त साचून राहते, त्याची गुठळी होते, आणि ती गुठळी एखाद्या दिवशी पूर्वसूचना न देता मेंदूकडे रवाना होते. एरवीच्या माणसाच्या मानाने अर्धांगवायूची धास्ती या विकारात सुमारे पाचपट असते. माझ्यासारख्यांना त्याहूनही बरीच जास्त, कारण माझ्या हृदयाची डावी झडप अरुंद आहे.

ही झडप मला बालपणाने दिली. डफळ्यांचे जत संस्थान 1948 साली विलीन झाले, संस्थानच्या दप्तरात कारकुनी करणारे आमचे वडील दक्षिण सातारा जिल्ह्याच्या कारकुनीत दाखल झाले, आणि त्याच जिल्ह्यात, 1960 साली त्याचे नाव सांगली होण्यापूर्वी, मी जन्मलो. लहानपणी घसा सुजला की मिठाच्या गुळण्या आणि हळदीचे दूध यांपलीकडे चौकशी होत नसे. त्या घशातील जंतूंमागून सांधे धरणारा ताप येतो, सांधे काही दिवसांनी मोकळे होतात, आणि झडपेवर पडलेला व्रण मात्र चाळीसपन्नास वर्षे गप्प बसून मग आपला दावा दाखल करतो, हे ज्ञान त्या काळी आमच्या पेठेपर्यंत आलेले नव्हते. आपल्या देशात माझ्यासारखे वादी पुष्कळ आहेत.

पहिले निदान केले ते गावातील एका वृद्ध वैद्यांनी. शार्ङ्गधराने वाताच्या नाडीस जळू आणि सर्पाची चाल सांगितली आहे, पित्ताच्या नाडीस कावळा आणि बेडूक यांची, कफाच्या नाडीस हंस आणि पारवा यांची, आणि त्रिदोष एकत्र खवळले म्हणजे लावा-तित्तिरांची. वैद्यबुवांनी माझे मनगट धरले, डोळे मिटले, आणि बराच वेळ त्यांच्या भुवया निरनिराळ्या प्राण्यांमागे धावताना मला दिसत होत्या. शेवटी त्यांनी हात सोडला. थांबत थांबत चालणाऱ्या नाडीविषयी त्याच ग्रंथात जे प्राणघातक भाकीत आहे, ते भिडेखातर न उच्चारता ते एवढेच म्हणाले, "तात्या, ही नाडी माझ्या हद्दीतली नव्हे. उद्याच्या पहिल्या एस.टी.ने मिरज गाठा." माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील हे सर्वोत्कृष्ट निदान होय.

मिरजेस माणसे दोन कामांसाठी जातात: तंबोरे जुळवून घेण्यासाठी आणि शरीर जुळवून घेण्यासाठी. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली तेथे रुग्णालय उभारले तेव्हापासून आमच्या सगळ्या कोरड्या मुलखाचे दुखणे त्या एका गावाने वाहिले आहे. तेथील तज्ज्ञांनी आलेख काढला, छातीवर यंत्र फिरवून झडप पाहिली, आणि गती आवरण्यासाठी एक गोळी लिहून दिली. तिच्या जोडीला डिजॉक्सिन, ज्याच्या वंशाची कीर्ती विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज वैद्याने 1785 साली एका जांभळ्या फुलाच्या झाडावर पुस्तक लिहून जगात पसरविली. पण मुख्य औषध रक्त पातळ ठेवण्याचे. हल्ली निघालेल्या नव्या गोळ्यांना रक्ततपासणी लागत नाही आणि जेवणाचे पथ्यही फारसे नाही, हे मी पुण्याच्या भाच्याकडून ऐकून गेलो होतो, म्हणून अर्ज केला. तो नामंजूर झाला. अरुंद झडपेच्या संधिज्वरी रुग्णांत नवी गोळी आणि जुनी गोळी यांची तुलना साडेचार हजारांवर रुग्णांत करून पाहण्यात आली, तिचा निकाल 2022 साली लागला, आणि अशा रुग्णांपुरता तो जुन्या गोळीच्या बाजूने लागला. जगात एवढी नवलाई चाललेली असता एका ठिकाणी तरी जुन्या माणसांस अनुकूल निवाडा झाला, याचे समाधान मानून मी चिठ्ठी खिशात घातली.

ही जुनी गोळी म्हणजे वॉर्फरिन किंवा तिची चुलत बहीण एसेनोकुमारॉल. तिचा पूर्वेतिहास मी माडग्याळच्या एका मेंढपाळास ऐकविला, कारण तो गुराढोरांचा आहे. अमेरिकेत 1920 नंतरच्या दशकात कुजलेला गोड क्लोव्हर-चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. 1933 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन गाडीत घालून, हिमवादळातून सुमारे दोनशे मैलांवरच्या मॅडिसन शहरी दाद मागण्यास गेला, आणि ज्या कचेरीत जावयाचे ती बंद असल्यामुळे कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत शिरला. (बंद कचेरीच्या दारावरून परतण्याचा अनुभव आमच्या शेतकऱ्यास नवा नाही, शेजारचे दार उघडे सापडणे नवे.) लिंकने त्या चाऱ्यातील विष शोधून काढले, त्याच्याच एका भावंडापासून 1948 साली उंदीर मारण्याचे औषध निघाले, 1954 पासून ते माणसांस देण्यास परवानगी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला असता ते देण्यात आले. मेंढपाळ शांतपणे ऐकत होता. "म्हंजी आण्णा," तो म्हणाला, "उंदराचं औषध तुमी पैसं दिऊन रोज खाताय, आन् जगताय?" मी होकार दिला. त्याने काठी उचलली. "मग तुमाला काय हुतंय!"

या औषधाचे माप घ्यावयाचे ते 'आयएनआर' नावाच्या तपासणीने. निरोगी माणसाचा आकडा एकाच्या आसपास असतो. आमचा दोन ते तीन यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. दोनच्या खाली गेला तर गुठळीचे भय, तीनच्या फार वर गेला तर हिरड्यांतून आणि नको त्या ठिकाणांहून रक्त. तहसील कचेरीत अव्वल कारकुनी करताना मी गावोगावच्या पिकांची पैसेवारी लिहिली. पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ, वर राहिली की वसुली. आता दर महिन्यास माझ्याच रक्ताची पैसेवारी एका छापील चिठ्ठीवर माझ्या हाती येते, आणि ती जाहीर होताना मला अगदी तसेच पोटात कालवते जसे पूर्वी सरपंचांना कालवत असे.

आणि येथे आमच्या तालुक्याने आपला हक्क बजावला. ही गोळी यकृतातील 'के' जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते. ते जीवनसत्त्व हिरव्या पालेभाज्यांत ठासून भरलेले असते. म्हणून पालेभाजी वाढली की आकडा उतरतो, घटली की चढतो. कृष्णाकाठच्या माणसास यात अडचण नाही, त्याच्या मळ्यात बारमाही मेथी आहे. आमच्याकडे उन्हाळ्याच्या महिन्यांत हिरवे म्हणून जे काही दिसते, ते टँकरचा रंग तेवढे. त्या दिवसांत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचे माडगे आणि बेदाणे यांवर आम्ही राहतो, आणि माझा आकडा साडेतीनच्या दिशेने चढू लागतो. मग परतीचा पाऊस येतो. आठपंधरा दिवसांत तांदुळजा, पाथरी, चिघळ बांधावर उगवते, त्यामागून करडईची कोवळी रोपे विरळणीस येतात, हरभऱ्याचे शेंडे खुडले जातात, आणि सगळा तालुका चार महिन्यांची भूक त्या पाल्यावर भागवितो. करडईची भाजी, तिच्यावर लसणाची फोडणी, खाली शाळूची भाकरी. हे ताट पुढे आल्यावर जो मनुष्य जीवनसत्त्वांचा विचार करतो, तो जतचा रहिवासी असल्याचा दाखला मी तरी देणार नाही. परिणामी आकडा दोनच्या खाली कोसळतो. एके वर्षी माझ्या चिठ्ठ्या ओळीने मांडून मिरजेचे डॉक्टर विचारते झाले, "तुम्ही गोळ्या मध्येच सोडता काय?" मी म्हटले, "नाही साहेब. पाऊस मध्येच पडतो."

त्यांनी जे सांगितले, ते मला ऐकीव पथ्यांहून फार निराळे वाटले. भाजी वर्ज्य करू नका, म्हणाले. भाजी सोडून दिलेल्या माणसाचा आकडा उलट अधिक उड्या मारतो. थोडी खा, पण रोज तेवढीच खा. तेव्हापासून आमच्या घरी एक पितळी वाटी मुक्रर झाली आहे. तीत बसेल तेवढी शिजलेली भाजी माझी, मग ती सुगी असो की टंचाई. टंचाईत कोबी, शेवग्याचा पाला, जे मिळेल ते सौभाग्यवती पैदा करतात. गोळीचा विभागही त्यांच्याच ताब्यात आहे, कारण डॉक्टरांनी काही वारी पूर्ण आणि काही वारी दीड गोळी लिहिली आहे. सुपारी मी सोडली, पण अडकित्ता बेकार झाला नाही. निजण्यापूर्वी त्या गोळी अडकित्त्याच्या धारेवर ठेवतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतात, आणि एकच बारीक कट्ट असा आवाज होऊन दोन अर्धचंद्र पडतात. डावा मला, उजवा डबीत. "अहो, भुगा झाला तर तो चाटायचा," असा सक्त हुकूम आहे.

उरलेल्या सल्ल्यांविषयी थोडक्यात सांगतो. चहाने हा विकार वाढतो असे सांगणारे पुष्कळ भेटले. डॉक्टरांनी बेताचा चहा मंजूर केला असल्याने त्या सर्वांना मी चहाच पाजला. दारूविषयी मात्र शास्त्र निःसंदिग्ध आहे. सुटीच्या दिवशी भरपूर पिऊन सोमवारी धडधडत्या छातीने येणाऱ्या रुग्णांस अमेरिकेतील डॉक्टरांनी 1978 साली वेगळे नावच दिले. वजन उतरविल्याने पुष्कळांचा हा विकार आटोक्यात येतो, हे ऑस्ट्रेलियातील अॅडलेडच्या संशोधकांनी 2015 साली दाखविले. ते वाचून मी यल्लमाच्या जत्रेतील भज्यांशी संबंध मर्यादित केले. गुडघ्यांसाठी शेजाऱ्याने दिलेली वेदनाशामक गोळी दुकानदाराने माझ्या हातून काढून घेतली, कारण ती आणि माझी गोळी एकत्र आल्या की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. काढे, चूर्णे आणि भस्मे यांनाही त्याच कलमाखाली बंदी आहे. आमच्या मुलखाचा मेवा जे डाळिंब, त्याच्या रसानेही आकडा हलल्याच्या तुरळक नोंदी आहेत, हे कळले तेव्हा मात्र मी डॉक्टरांस नुसते पाहत राहिलो. दाणे खा, पेले रिचवू नका, अशी तडजोड झाली.

सांप्रत आकडा अडीचच्या आसपास आहे. तरी सर्व आप्तेष्टांस आणि शेजारच्या गावांतील जुन्या खातेदारांस नम्र विनंती की, पाऊस चांगला झाला म्हणजे आनंदाच्या भरात करडईच्या भाजीचे भारे आमच्या ओट्यावर टाकून जाऊ नये. द्यावयाचीच असेल तर आठवड्यास एक जुडी, वर्षाचे बाराही महिने, द्यावी. आणि ज्यांची स्वतःची नाडी मनगटावर बोट ठेवले असता बेहिशेबी लागत असेल, त्यांनी मेंढपाळाचे मत ग्राह्य न धरता एक आलेख काढून घ्यावा.